सत्तर दिवसांचं पीक

सकाळी साडेसहाला मी प्लॉटमध्ये शिरते तेव्हा माझ्याकडे दोनच गोष्टी असतात. डोळ्यावर चष्मा आणि हातात वहीतला एक कोरा पांढरा कागद. कागद कलिंगडाच्या शेंड्याखाली धरायचा आणि शेंड्यावर बोटाने तीन-चार हलक्या टिचक्या मारायच्या. कागदावर धूळ पडते. मग तो डोळ्याजवळ घेऊन थोडा वेळ नुसतं बघत राहायचं. धूळ जागची हलत नाही. पण तिच्यातली एखादी पिवळसर बारीक रेघ, जेमतेम एक मिलिमीटरची, चालायला लागली की समजायचं, हा फुलकिडा. प्लॉटच्या चार कोपऱ्यांत आणि मध्यभागी मिळून वीस वेलांवर मी असं करते आणि आकडा वहीत लिहिते. अर्ध्या तासाचं काम आहे. या अर्ध्या तासाने मला वाचवलं आहे, आणि तो चुकवल्याची किंमतही मी मोजली आहे.

आमची शेती पंढरपूर तालुक्यात, भीमेच्या काठाला. दर वर्षी दीड ते दोन एकर कलिंगड असतं. बाजारात हातगाडीवर हिरव्यागार फळांचा ढीग दिसतो, तेव्हा लोकांना वाटतं, वेल लावला, पाणी दिलं, फळ आलं. खरं तर हे फार घाईचं पीक आहे. रोप लावल्यापासून साधारण सत्तर दिवसांत सगळं संपतं. उसात किंवा डाळिंबात एखादी चूक झाली तर सावरायला महिने असतात. कलिंगडात दुरुस्तीला वेळ नसतो. चूक दिसते तेव्हा ती होऊन पंधरा दिवस झालेले असतात. म्हणून या पिकात जे करायचं ते आधी करावं लागतं. मी पंधरा वर्षांत शिकले ते एवढंच.

वाळवंटातून गादीवाफ्यावर

आमचे मामा, म्हणजे माझे सासरे, लहानपणी नदीच्या वाळूत कलिंगड लावायचे. पुराचं पाणी ओसरलं की हिवाळ्यात पात्रात चर खणायचे. खाली ओल लागेपर्यंत वाळू उपसायची, चरात शेणखत घालायचं आणि बी टोकायचं. विदर्भ-मराठवाड्यात या लागवडीला डांगरवाडी म्हणतात. कलिंगड मूळचं आफ्रिकेतलं. इजिप्तमध्ये तुतनखामेन राजाच्या थडग्यातही त्याच्या बिया सापडल्या आहेत. कोरड्या मुलखातलं हे झाड, त्याच्या मुळांना हवा खेळती लागते आणि पाणी साचलेलं अजिबात सोसत नाही. वाळूत ते सुखी होतं. शिवाय पूर दर वर्षी नवी वाळू, नवा गाळ आणून टाकायचा, त्यामुळे जुन्या जमिनीतले रोग तिथे साठून राहत नव्हते. मामांना तेव्हा बुरशी, सूत्रकृमी हे शब्द माहीत नव्हते, पण जागा दर वर्षी नवी पाहिजे हे माहीत होतं.

पुढे १९८० मध्ये उजनी धरण पुरं झालं. उन्हाळ्यात नदीला पाणी कधी सुटेल याचा भरवसा राहिला नाही. नंतर पात्रातली वाळूही ट्रकांनी गेली. कलिंगड काठावरच्या जमिनीत आलं.

आता आम्ही त्या वाळूचे गुण गादीवाफ्यात आणायचा प्रयत्न करतो. चांगलं कुजलेलं शेणखत, सुपर फॉस्फेट आणि निंबोळी पेंड मातीत मिसळून उंच वाफा ओढतो. त्यावर ठिबकची नळी आणि वरून चंदेरी-काळा मल्चिंग पेपर. काळी बाजू खाली, म्हणजे तण उगवत नाही. चंदेरी बाजू वर, कारण तिच्यावरून उसळणाऱ्या उजेडाने मावा आणि फुलकिडे बिचकतात, रोपावर उतरायला कचरतात. दोन वाफ्यांत सहा-सात फूट आणि दोन रोपांत सव्वा फूट अंतर धरलं तर एकरात पाच ते पावणेसहा हजार रोपं बसतात.

कलिंगड, खरबूज, काकडी, दुधी, भोपळा यांपैकी काहीही ज्या रानात होतं, तिथे मी किमान तीन वर्षं कलिंगड लावत नाही. कारण मर रोग. फ्युजेरियम नावाची बुरशी मातीत वर्षानुवर्षं तग धरते. ती मुळातून आत शिरते आणि पाणी वर नेणाऱ्या नळ्याच बंद करते. भर दुपारी वेलाची एखादी फांदी मलूल होते, संध्याकाळी सावरल्यासारखी वाटते आणि चार दिवसांत वेल वाळतो. खोड उभं चिरलं तर आत तपकिरी रेघ दिसते. त्या वेलाला औषध नाही. ट्रायकोडर्मासारखी मित्रबुरशी शेणखतात वाढवून आधीच मातीत घातली तर जोर कमी होतो. ज्यांना जमीन बदलणं शक्यच नाही, त्यांच्यासाठी दुधीच्या खोडावर कलिंगडाचं कलम हा मार्ग आहे. भोपळावर्गीय खोडावर कलिंगडाचं कलम करायची रीत जपानमध्ये १९२०च्या दशकात सुरू झाली, आणि आज अनेक देशांत कलिंगड असंच लावतात.

ज्या वर्षी प्लॉट गेला

२०१८ साली मी लोभ केला. डिसेंबरमध्ये लावलेला पहिला प्लॉट फेब्रुवारीत काढणीला आला होता आणि दर बरा होता. उन्हाळ्याचा बाजार गाठायचा म्हणून मी त्याच्या बांधाला लागूनच दुसरा प्लॉट लावला. पहिल्या प्लॉटमधले वेल तसेच उभे होते. राहिलेली बारकी फळं अजून दहा दिवसांत निघतील, असा हिशेब. त्या जुन्या, पिवळ्या पडलेल्या वेलांवर हजारो फुलकिडे होते. वेल वाळायला लागले तसे ते सगळे उडून शेजारच्या कोवळ्या रोपांवर गेले.

विसाव्या दिवशी काही शेंडे उभे राहिलेले दिसले. कलिंगडाचा शेंडा जमिनीला धरून पुढे पळत असतो. तो आखडून आभाळाकडे तोंड करून उभा राहिला की शेतकऱ्याच्या पोटात गोळा येतो. पेरं आखूड झाली, पानांवर पिवळे ठिपके आले आणि मग शेंड्याची टोकं जळाली. मी तालुक्याच्या एका दुकानात गेले. त्यांनी एक औषध दिलं, चार दिवसांनी दुसरं, मग दोन्ही एकत्र. दहा दिवसांत पाच फवारण्या झाल्या. फुलकिडे मेले असतील, पण वेल सुधारले नाहीत. त्या दीड एकरातून साडेतीन टन माल निघाला, तोही वाकडा-तिकडा. चांगल्या वर्षी एकाच एकरात वीस-पंचवीस टन निघतो.

पुढे एका कृषी शास्त्रज्ञांनी मला समजावलं, आणि मी ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं आहे. शेंडे आखडवून जाळणारा हा रोग विषाणूचा. तो विषाणू फुलकिडा लहानपणी, अळीच्या अवस्थेत, रोगट झाडातून उचलतो. मोठा झाला, पंख फुटले की आयुष्यभर तो जिथे बसेल तिथे विषाणू सोडत जातो. वेलात विषाणू एकदा गेला की तो काढणारं औषध जगात कुठेही नाही. मावा तर त्याहून चपळ. तो ज्या विषाणूंचा प्रसार करतो ते पानात सोंड खुपसताच काही क्षणांत लागतात. औषधाने मावा मरेपर्यंत त्याचं काम झालेलं असतं. म्हणजे मी ज्या दिवशी दुकानात धावले, त्या दिवशी फवारण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

तेव्हापासून आमच्याकडे काही गोष्टी ठरून गेल्या. नव्या प्लॉटच्या चारी बाजूंनी मक्याच्या तीन-चार ओळी, त्याही कलिंगडाच्या दोन-तीन आठवडे आधी पेरलेल्या, म्हणजे रोप लागेपर्यंत मका वर आलेला असतो. रोप लावलं की त्याच दिवशी वाफ्यावर तारेच्या कमानी रोवून पातळ पांढरं क्रॉप कव्हर टाकायचं. ऊन-वारा आत जातो, किडा जात नाही. प्लॉटभर चिकट सापळे, फुलकिड्यांसाठी निळे, मावा आणि पांढऱ्या माशीसाठी पिवळे. आखडलेला वेल दिसला की हळहळत न बसता तो पिशवीत घालून उपटायचा आणि दूर नेऊन पुरायचा. फवारायची वेळ आलीच तर त्या पिकासाठी शिफारस केलेलंच औषध, दर वेळी वेगळ्या गटातलं. एकाच गटातलं औषध सलग मारलं की त्याला न जुमानणारी कीड तेवढी शिल्लक राहते आणि तिचीच पिढी वाढते.

एका फुलाला एकच सकाळ

पंचविसाव्या दिवसाच्या आसपास मादीफुलं दिसायला लागतात. नरफूल नुसत्या बारीक देठावर असतं. मादीफुलामागे मात्र हरभऱ्याएवढं लवदार कलिंगड आधीपासूनच बसलेलं असतं. ते दिसलं की क्रॉप कव्हर काढायचं, मग मनात कितीही धाकधूक असो. कारण आता मधमाशी आत यायला हवी.

कलिंगडाचं मादीफूल सूर्योदयाच्या सुमाराला उमलतं आणि दुपारपर्यंत मिटतं. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा उमलत नाही. त्या चार-पाच तासांत मधमाशी सात-आठ वेळा तरी त्यावर येऊन गेली पाहिजे. परागकण कमी पडले किंवा एकाच बाजूला पडले, तर ज्या बाजूला बिया धरत नाहीत ती बाजू पोसत नाही. बाजारात एका अंगाने चेपलेलं किंवा मानेकडे निमुळतं कलिंगड दिसतं, ते बहुतेक वेळा खताअभावी तसं झालेलं नसतं. त्याच्या फुलावर त्या सकाळी पुरेशा माशा आल्या नव्हत्या.

म्हणून फुलोऱ्यात मी एकरी दोन मधपेट्या ठेवते. बांधावरची शेवगा-कडुलिंबाची झाडं तोडत नाही. फूल असताना इमिडाक्लोप्रिडसारखी मधमाशीला घातक औषधं घरातसुद्धा आणत नाही. काही फवारायचंच झालं तर सूर्य मावळताना, फुलं मिटल्यावर आणि माश्या परतल्यावर. एकदा सकाळी नऊला मी मधपेटीजवळ बसून एका फुलावर नजर ठेवली होती. सातेरी माशी आली, नरफुलाच्या पिवळ्या भुकटीने तिचं पोट माखलेलं. मादीफुलाच्या मधोमध ती गोल फिरली आणि गेली. सगळं मिळून दहा सेकंदांचं काम. दोन दिवसांनी त्या फुलामागचा दाणा देठासह खाली वाकला. आम्ही म्हणतो, सेटिंग झालं. पलीकडचं एक फूल तसंच पिवळं पडून गळलं.

बुडख्याजवळ धरलेलं पहिलं फळ मी खुडून टाकते. वेल तेव्हा लहान असतो, ते फळ स्वतः धड पोसत नाही आणि वेलाची वाढही रोखतं. दहा-बारा पानांच्या पुढचं, सरळ, देठाला जाड असं एक फळ ठेवायचं, वेल दणकट असेल तर दोन.

वेलाचं ताट

आता खतांविषयी. दुकानातल्या विद्राव्य खताच्या पोत्यावर 'एकोणीस-एकोणीस-एकोणीस' किंवा 'शून्य-बावन्न-चौतीस' असे तीन आकडे असतात. पहिला नत्राचा, दुसरा स्फुरदाचा, तिसरा पालाशाचा. नत्र पानं वाढवतं, स्फुरद मुळं आणि फुलं, पालाश फळात गर आणि गोडी भरतं. लहान रोपाला मी १९:१९:१९ थोडं-थोडं देते. फुलं यायच्या आधी १२:६१:०० आणि फळ लिंबाएवढं झालं की ००:५२:३४, १३:००:४५. शेवटच्या टप्प्यात ००:००:५०. मात्रा मात्र माती तपासून ठरवायची. माझ्या रानाचा आकडा तुमच्या रानाला लागू पडेलच असं नाही.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते जास्तीच्या नत्राने. युरिया स्वस्त, परिणाम लगेच दिसतो, पानं काळीभोर होतात आणि आपण खूश होतो. पण वेल माजतो. फुलं उशिरा येतात, पानं मऊ राहिल्याने कीड आणि बुरशी दोन्ही वाढतात आणि फळ तडकतं किंवा आतून पोकळ निघतं.

कमतरता कुठली हे पानं सांगतात, कुठलं पान ते बघायला हवं. बुडख्याकडची जुनी पानं सरसकट पिवळी पडली तर नत्र कमी. जुन्या पानांच्या कडा करपल्या तर पालाश. जुन्या पानांच्या शिरा हिरव्या पण मधला भाग पिवळा, तर मॅग्नेशियम. ही तिन्ही द्रव्यं वेल जुन्या पानांतून काढून कोवळ्या पानांना देतो, म्हणून आधी जुनं पान सुकतं. कॅल्शियमचं तसं नाही. ते एकदा जिथे गेलं तिथून हलत नाही. म्हणून ते कमी पडलं की कोवळ्या भागात दिसतं. फळाचं फुलाकडचं टोक काळं, कातड्यासारखं होतं. पुष्कळदा जमिनीत कॅल्शियम भरपूर असतं, पण ते पाण्याच्या प्रवाहासोबतच वर चढतं. दोन दिवस कोरडं आणि तिसऱ्या दिवशी धो-धो पाणी असं केलं की फळापर्यंत पोचत नाही. अशा वेळी खत वाढवण्याआधी पाणी नियमित करावं.

मी एकदा घाईत कॅल्शियम नायट्रेट आणि १२:६१:०० एकाच ड्रममध्ये ओतलं. डोळ्यांदेखत पाणी फाटलेल्या दुधासारखं झालं. कॅल्शियम आणि स्फुरद एकमेकांना धरून घट्ट बसतात. तो चोथा ठिबकच्या छिद्रांत जाऊन बसला आणि फळ पोसायच्या दिवसांत दोन ओळी तहानलेल्या राहिल्या. तेव्हापासून कॅल्शियमचा दिवस वेगळा.

पाणी किती द्यायचं? मल्चिंगच्या छिद्रातून वीतभर खालची मूठभर माती काढायची आणि दाबायची. लाडू वळला आणि बोट लावताच फुटला तर ओल बरोबर. लाडू फुटतच नसेल तर पाणी जास्त. फळ पोसताना पाण्याची गरज सगळ्यात मोठी. काढणीच्या आधी आठवडाभर मात्र पाणी बेताबेताने कमी करायचं, म्हणजे फळात गोडी उतरते. या दिवसांत एकदम पाणी सोडलं तर साल ताणली जाऊन फळं रानातच उभी तडकतात, टचकन आवाज येतो.

दव, ढग आणि फळमाशी

सकाळी दव आणि दिवसभर ढगाळ असेल तर मी पानं उलटून बघते. वरून पिवळे ठिपके आणि खाली करडी बुरशी म्हणजे केवडा. पानावर पीठ भुरभुरल्यासारखं दिसलं तर भुरी. तपकिरी, खोलगट डाग फळावरही आले तर करपा. तिन्हींना दाटी आवडते. वेल एकमेकांवर चढू न देता रिकाम्या पट्ट्यात वळवले, पानं कोरडी राहिली, तर अर्धं काम होतं. उरलेलं काम पहिल्या चार डागांवर फवारणी करून होतं, चारशे डागांवर होत नाही. भुरीवर गंधक चांगलं चालतं, पण कडक उन्हात ते पानं जाळतं. त्यासाठीही संध्याकाळच बरी.

फळमाशी कोवळ्या फळाच्या सालीत सुई टोचल्यासारखी अंडी घालते. वरून फक्त एक बारीक ठिपका आणि त्यातून आलेला डिंकाचा थेंब दिसतो. आत अळ्या गर खातात आणि मोठ्या झाल्या की मातीत उतरून कोष करतात. टोचलेलं फळ बांधावर फेकणं म्हणजे माशी पाळणं. आम्ही अशी फळं दोन फूट खोल पुरतो आणि सेटिंग व्हायच्या आधीच क्यू-ल्यूरचे सापळे टांगतो. त्याच्या वासाने नरमाशा अडकतात. सापळ्यातल्या माशा मोजल्या की रानात काय चाललं आहे ते कळतं.

घेणाऱ्यांसाठी

शहरातल्या बहिणी मला विचारतात, गोड कलिंगड कसं ओळखायचं? आम्ही रानात जे बघतो तेच तुम्ही बघा. जमिनीला टेकलेला डाग पांढरा नको, लोण्यासारखा पिवळा हवा. देठ असेल तर त्याच्या शेजारची कुरळी बाळी वाळलेली हवी. बोटाने वाजवलं तर कच्चं फळ टणटण वाजतं, पिकलेलं बद्द. आणि आकाराच्या मानाने जड हवं. हे तोडण्याआधी बघावं लागतं, कारण कलिंगड घरी ठेवून गोड होत नाही. वेलावर जितकी साखर भरली तितकीच.

दर उन्हाळ्यात सुया टोचून रंग भरल्याच्या बातम्या फिरतात. एकदा घरी प्रयोग करून बघा. कलिंगडाला सुई टोचा आणि दोन-चार दिवस ठेवा. टोचलेल्या जागेपासून ते सडायला लागेल. असा माल शेतातून ट्रकने शहरात नेऊन कोण विकेल? लाल रंग लायकोपीनचा आहे, टोमॅटोत असतो तोच.

काळजी करायचीच असेल तर फवारणीची करा. औषधाच्या डब्यावर लिहिलेलं असतं, फवारल्यानंतर किती दिवस माल तोडू नये. ते दिवस मी वहीत लाल शाईने मोजते. व्यापारी बांधावर येऊन दोन रुपये जास्त देतो, आजच तोडा म्हणतो, तेव्हा ती लाल शाई पाळणं सोपं नसतं. पण माझी नातवंडंही हेच फळ खातात.

शेवटचा ट्रक गेल्यावर

काढणी संपली की घरातली सगळी माणसं दमलेली असतात. हातात पैसे आलेले असतात, रानात काही उरलेलं नसतं आणि तिकडे फिरकायची इच्छाही नसते. २०१८ साली आम्ही तसंच केलं होतं.

आता शेवटचा ट्रक हलला की दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पुन्हा प्लॉटमध्ये असतो. दोन्ही जावा, धाकटे दीर आणि रोजच्या कामाच्या चार बायका. वेल उपटून ढीग लावायचे. राहिलेली बारकी फळं पुरायची. ठिबक गुंडाळायचं. मल्चिंग पेपर झटकून, गोळा करून भंगारवाल्याला द्यायचा, मातीत तुकडा राहू द्यायचा नाही. ढिगांवर जुनं प्लास्टिक झाकून कडा मातीने दाबायच्या, म्हणजे आतली कीड उन्हाने तिथेच मरते. तीन दिवस लागतात, आणि या तीन दिवसांची मजुरी विक्रीच्या कुठल्याच पट्टीत दिसत नाही.

मामा आता बांधावर खुर्ची टाकून बसतात. वेल गोळा होताना बघतात आणि दर वर्षी तोच प्रश्न विचारतात, "पुढचं रान कुठलं?" मी बोट दाखवते. तिथे ज्वारीची कणसं वाऱ्यावर हलत असतात.